डबा आला की आधी उघड

अगं, सगळ्यात आधी हे ऐक. मॉडेल किटचं पार्सल आलं की त्याच दिवशी डबा उघडायचा. रविवारी निवांत बघू म्हणून कपाटावर ठेवलास तर तो रविवार पुढच्या दिवाळीत उजाडतो, आणि मग कळतं की सुट्या भागांची ‘सी’ अक्षराची फ्रेम आलेलीच नाही. सूचनापत्रकाच्या सुरुवातीला सगळ्या फ्रेमची चित्रं असतात. ती समोर ठेव, एकेक फ्रेम ताडून बघ, चाकं मोज. बीएमपी या चिलखती गाडीला एका बाजूला सहा, एम-११३ ला पाच. कमी भरलं तर विक्रेत्याला फोटो काढून लगेच कळव. तक्रारीची मुदत थोडी असते आणि तुझा डबा समुद्रापलीकडून आलेला असतो.

‘न उघडलेल्या डब्याला जास्त भाव येतो’ असं सांगणारे भेटतील. येत असेल. पण तो व्यापार झाला. आत काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे संग्रह नाही, पुठ्ठा आहे.

पहिल्या पगारातून तू बीएमपी-२ घेतलीस हे तुझ्या बाबांकडून कळलं. रणगाडा न घेता सैनिक वाहून नेणारी गाडी घेतलीस, मला बरं वाटलं. रणगाड्याच्या मागे सगळं जग लागलेलं आहे. एकट्या जर्मन टायगरचे किती डबे निघाले असतील, मोजदाद नाही. एपीसीकडे, म्हणजे अशा सैनिकवाहू चिलखती गाडीकडे, मात्र पोरं वळत नाहीत. खोकं दिसतं ना ते, तोफही लहान. पण आपल्या भागानं लष्कराला दिलं ते मुख्यतः पायदळ. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी घे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण पडले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत घराघरातली माणसं बेळगावच्या मराठा सेंटरला भरती झाली. त्यांच्यासारख्या पायदळाच्या जवानाला गोळीबारातून पुढं नेऊन उतरवणारी गाडी ती ही. रणगाडा लढतो, ही माणसं पोचवते. आपल्याकडच्या माणसानं गोळा करायची तर हीच.

आता दुसरी गोष्ट, कुंपण. जगात ज्या ज्या देशानं एपीसी केली ती सगळी घ्यायला निघालीस तर साताऱ्याच्या तुझ्या दोन खोल्या पुरायच्या नाहीत आणि पगारही. भारतीय लष्करानं वापरलेल्या आणि भारताविरुद्ध आलेल्या, एवढंच कुंपण घाल. हा धागा छोटा नाही.

सुरुवात युनिव्हर्सल कॅरियरपासून कर. लोक तिला ब्रेन कॅरियर म्हणतात. उघड्या टपाची, टबासारखी, पट्ट्यांवर धावणारी ठेंगणी गाडी. दुसऱ्या महायुद्धात पायदळाच्या पलटणीत कॅरियरची स्वतंत्र तुकडी असायची. आपली माणसं आफ्रिकेत आणि इटलीत तिच्यातून हिंडली. तामियाचं १/३५ चं जुनं किट आहे, एअरफिक्सचं १/७६ चंही होतं. त्याच काळात आपल्याकडे ‘इंडियन पॅटर्न कॅरियर’ निघाली: कॅनडातून आलेली फोर्डची चासी, तिच्यावर टाटानगरला घडलेलं पोलादी चिलखत, आणि पट्ट्यांऐवजी चार चाकं. हजारोंनी झाल्या आणि आज फार थोड्या लोकांना ठाऊक आहेत. तिचं चांगलं किट कुठं दिसलं तर भावाची घासाघीस करत बसू नकोस.

पुढं साठीच्या अखेरीस पोलंड-चेकोस्लोव्हाकियाकडून आलेल्या टोपास आणि स्कॉट. १९७१ साली पश्चिम आघाडीवर आपलं पायदळ टोपासमधून गेलं. समोरच्या बाजूला अमेरिकन एम-११३ होत्या, अॅल्युमिनियमच्या चिलखताच्या. तीही तुझ्या कुंपणात बसते, आणि तिचं किट सगळ्यात सहज मिळतं. तामिया, अॅकॅडमी, इटालेरी, कोणाचंही घे. मग रशियन बीटीआर-६०, मग सत्तरच्या दशकात बीएमपी-१, आणि नंतर बीएमपी-२, जी १९८७ पासून मेदकच्या आयुध निर्माणीत ‘सरथ’ नावानं बनायला लागली. दरम्यान २ एप्रिल १९७९ ला मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली आणि तिचं केंद्र आलं आपल्या नगरला. अगदी अलीकडची हवी असेल तर पुण्याच्या भारत फोर्जची कल्याणी एम-४ आहे. पण ती नंतर, आधी जुनी रांग लाव.

टोपासवर जरा थांबतो, कारण इथंच संग्राहकाचं डोकं लागतं. टोपास हे रशियन बीटीआर-५० चं भावंड. चाकं, पट्टे, खालचा सांगाडा पीटी-७६ या तरंगत्या रणगाड्याशी जुळणारा. म्हणून बरेच जण ट्रम्पेटरचं बीटीआर-५० घेतात, हिरवा रंग देतात आणि खाली ‘टोपास, १९७१’ अशी पट्टी लावतात. तसं करू नकोस. बीटीआर-५० च्या बंद छपराच्या गाडीला पुढच्या बाजूला एक फुगवटा आहे, टोपासला दोन. शिवाय टोपासच्या कुशीला सैनिकांसाठी दोन्ही बाजूंना दारं आहेत. दुसरा फुगवटा पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यापासून करता येतो, दारांच्या कडा कोरता येतात. कष्ट आहेत, पण केलेस तर अशी गाडी भारतात मोजक्याच टेबलांवर दिसेल.

बीटीआर-६० घेताना डब्यावरचं शेवटचं अक्षर वाच. नुसती पी म्हणजे उघड्या टपाची, पीए म्हणजे छप्पर घातलेली, पीबी म्हणजे वर छोटा टरेट बसवलेली. तिन्हींचे डबे वेगळे, झाकणावरची चित्रं बरीच सारखी. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात गर्दीत घाईनं उचललंस तर घरी येऊन कपाळाला हात.

बीएमपी-१ आणि २ मधला फरक तोफेवरून कोणीही सांगेल: एकीला आखूड ७३ मिलिमीटरची, दुसरीला लांब सडपातळ ३० मिलिमीटरची. तू मागून बघायला शीक. बीएमपी-१ च्या मागच्या टपावर चार झाकणं, बीएमपी-२ ला दोन. मागची दोन दारं दोन्हींची जाड, कारण ती पोकळ आहेत आणि त्यांच्या आत डिझेल असतं. दारं उघडी ठेवून मॉडेल केलंस तर ही जाडी दिसायला हवी. पुष्कळ किटांत ती पातळ फळीसारखी येते. आणि एक लक्षात ठेव, सरथच्या सांगाड्यावर आपल्याकडे तोफगाडीपासून रुग्णवाहिकेपर्यंत बरंच काही केलेलं आहे. टरेट नसलेली रुग्णवाहिका, ८१ मिलिमीटरची उखळी तोफ वाहणारी गाडी, नाग क्षेपणास्त्रं घेऊन फिरणारी नामिका. काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेलेल्या आपल्या बीएमपी पांढऱ्या रंगवलेल्या होत्या. एकाच किटचे तीन-चार डबे घेतलेस तरी त्यातून वेगवेगळी रांग उभी राहील. त्याला पैशाची उधळपट्टी म्हणत नाहीत.

प्रमाण कोणतं, हा तुझा प्रश्न होता. हिशोब कर. बीएमपी-२ ची लांबी पावणेसात मीटरला किंचित कमी. १/३५ ला ती एकोणीस सेंटिमीटर भरते, १/७२ ला साडेनऊच्या आत. १/३५ हे प्रमाण कुठल्या शास्त्रातून आलेलं नाही. तामियाच्या सुरुवातीच्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटरी बसली पाहिजे म्हणून जो आकार ठरला, तो पुढं रूढ झाला. या आकारात तपशील भरपूर येतो आणि किटांची निवडही इथंच मोठी. पण दहा-बारा गाड्या झाल्या की भिंत भरते. भाड्याच्या घरात राहतेस, दर दोन-तीन वर्षांनी घर बदलशील, तर १/७२ चा विचार कर. त्यात युक्रेनच्या एसीई कंपनीनं बीटीआर आणि टेहळणीच्या बीआरडीएमच्या अनेक गाड्या काढल्या आहेत. किटं ओबडधोबड आहेत, कानस बरीच मारावी लागते, पण दुसरं कोणी ज्या गाडीला हात लावत नाही ती तिथं मिळते. दोन्ही प्रमाणं मिसळू नकोस एवढंच. शेजारी ठेवली की दोन्हींची शोभा जाते.

झाकणावर जाऊ नकोस. एकच साचा वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांतून फिरतो. एस्चीची १/७२ ची एम-११३ पुढं इटालेरीच्या डब्यात आली. फ्रेमच्या कडेवर बारीक उठावदार अक्षरांत कधीकधी साल कोरलेलं असतं, ते साच्याचं साल. डबा नवा कोरा आणि साचा सत्तरच्या दशकातला, असं सर्रास असतं. जुना साचा वाईटच असतो असं नाही. तामियाचे जुने साचे अजूनही चपखल बसतात. पण नव्याचा भाव देऊन जुनं घेऊ नये.

सातारा-सांगलीत किटं मांडून विकणारं दुकान मी तरी पाहिलेलं नाही. मागवावीच लागतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ ला ७०. आणि कस्टमच्या पुस्तकात प्रमाणबद्ध मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. म्हणून परदेशी संकेतस्थळावरचा भाव बघून हुरळू नकोस, दाराशी येईपर्यंत तो काय होतो ते धर. बऱ्याचदा देशातल्या विक्रेत्याचा महाग वाटणारा भावच स्वस्त पडतो. आणि रंग, थिनर, सरस परदेशातून मागवूच नकोस. ज्वालाग्राही माल म्हणून विमानातून येत नाही, मध्येच अडकतो.

आता साठवण. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण मी सांगलीत राहतो.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा गावात शिरलं. त्याआधी २००५ होतंच. तळमजल्यावर किट ठेवायचं नाही, हा आमच्याकडे नियम. साताऱ्यात तुला पुराची भीती नाही, पण सुट्टीला आलीस की डबे इथं टाकून जातेस म्हणून सांगतो. माळ्यावर जातील तेवढेच आण. पुरात प्लॅस्टिकला फारसं काही होत नाही, धुतलं की झालं. जातात ते कागद: सूचनापत्रक आणि डेकल, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या खुणांचा कागद. चिखलाचं पाणी लागलेलं डेकल वाचत नाही. म्हणून डबा उघडलास की तिथल्या तिथं सूचनापत्रकाचे फोटो काढून फोनमध्ये ठेव, डेकल हवाबंद पिशवीत घाल आणि सगळ्या किटांची डेकलं एकाच फाइलमध्ये, डब्याचं नाव लिहून. घर सोडायची वेळ आली तर फाइल उचलायची आणि निघायचं.

डेकल पिवळं पडलं तर फेकू नकोस. पिशवीत घालून, ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटव. काही दिवसांत पिवळेपणा उतरतो.

पट्ट्यांचं विसरू नकोस. जुन्या किटांत ट्रॅक मऊ, रबरासारखे येतात. ते कडक प्लॅस्टिकच्या भागांना टेकून वर्षानुवर्षं राहिले की त्यांच्यातलं तेलकट द्रव्य प्लॅस्टिकला लागतं आणि चाकं, फेंडर खरोखर विरघळतात. उघडल्या दिवशीच ट्रॅक वेगळ्या पिशवीत घाल. बांधलेल्या गाडीवर चढवताना चाकांना रंगाचा थर नीट बसलेला असू दे.

आणखी एक, जे आईनं सांगितलेलं तुला बरोबर वाटेल पण इथं चालत नाही: डांबरगोळ्या. कपड्यांच्या कपाटात घालतो तशा किटांच्या कपाटात घालू नकोस. त्या वाफेनं पॉलिस्टायरिन मऊ पडतं, चिकट होतं. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळवलेला पाला फडक्यात बांधून ठेव. दमटपणासाठी औषधांच्या बाटल्यांतल्या त्या छोट्या पुड्या जमव. साताऱ्याचा पावसाळा महाबळेश्वरइतका नसला तरी पुठ्ठा फुगवायला पुरतो. आणि मे महिन्यात पार्सल घेऊन गाडीत टाकायचं, गाडी पोवई नाक्यावर उन्हात लावायची आणि भाजी आणायला जायचं, हे नको. पातळ भाग वाकतात. रेझिनचा भाग वाकला तर कडक गरम पाण्यात बुडवून सरळ करून गार पाण्यात धर, बसतो. रेझिन घासताना मात्र ओलं करून घास आणि नाकाला मास्क लाव. ती धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

अवजारांसाठी परदेशी संच मागवू नकोस. साताऱ्यात मोती चौकाच्या बाजूला, सांगलीत सराफ कट्ट्याजवळ सोनारकामाचं सामान विचार. बारीक टोकाचा चिमटा, सुईसारख्या कानशी, छोटा हातड्रिल, सगळं मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. पितळी नक्षीपत्र्याचे भाग वाकवायला आणि डाग द्यायला सोनाराकडून एकदा शिकून घे. मिरजेला गेलीस तर सतारमेकर गल्लीत पॉलिश देताना बघ. एक जाड थर कोणी देत नाही. पातळ हात, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा पातळ हात. रंगाचंही तसंच दे. मोटारीच्या रंगाच्या दुकानातला प्रायमरचा स्प्रे चालतो, पण आधी रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघ, काही प्रायमर प्लॅस्टिक खातात. अँटेना विकत घ्यायची गरज नाही. तोच रिकामा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून दोन्ही हातांनी सावकाश ओढ, केसाइतका बारीक निघतो.

धुळीसाठी परदेशी पावडरी महाग. गेरू, खडू, चुलीतला कोळसा खलात बारीक कर आणि तलम फडक्यातून चाळ. पाहिजे तो रंग यातून होतो. फक्त खरी माती लावू नकोस. दाणा मोठा पडतो, प्रमाणाच्या मानानं ढेकळं दिसतात. आणि आपल्या शेतातली काळी माती बघून पंजाबातल्या किंवा राजस्थानातल्या गाडीला काळा चिखल फासू नकोस. गाडी कुठं होती ते आधी ठरव, मग चिखलाचा रंग. जाफन्यात शांतिसेनेबरोबर गेलेल्या बीएमपीला राजस्थानची वाळू कशी असेल?

लष्करी गाडीची पाटीही अशीच. वर टोक असलेला बाण असतो आणि सुरुवातीच्या दोन अंकांत खरेदीचं साल. सरथवर ७९ लिहिलंस तर जाणकार तिथंच हसेल, कारण तेव्हा ती जन्मलेलीही नव्हती.

तो जाणकार तुला जवळच सापडेल. आपल्या भागात मेकॅनाइज्डमधून निवृत्त झालेले हवालदार, सुभेदार पुष्कळ आहेत. १६ डिसेंबरला कराडच्या विजय दिवस समारोहाला गेलीस तर गाठ पडतीलच. त्यांना मॉडेल हातात दे आणि गप्प बस. ‘आमच्या गाडीवर इथं ताडपत्री बांधलेली असायची’, ‘कॅन इथं नाही, तिकडं’ असं बोलायला लागतील. ते लिहून घे. मात्र नोकरीत असलेल्या जवानाला गाडीच्या आतल्या गोष्टी विचारायच्या नाहीत आणि छावणीच्या परिसरात फोन बाहेर काढायचा नाही. चुलतभाऊ असला तरी नाही. बघायचंच असेल तर नगरला, आताच्या अहिल्यानगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून. तिथं रणगाडेच जास्त, पण चाकं, पट्टे, चिलखतावरचे जोड कसे असतात हे डोळ्यांनी बघायला त्याच्यासारखी जागा नाही. फोटोंचं फाटकावर विचार, मगच काढ. आणि उभ्यानं बघू नकोस, खाली बस. चाकांच्या आतली बाजू आणि पोटाखालचा भाग किटात सगळ्यात जास्त चुकतो.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक डब्याची एक ओळ: गाडी, कंपनी, प्रमाण, घेतल्याची तारीख, शुल्कासकट पडलेली किंमत, काय कमी निघालं, सुटे ट्रॅक आणि डेकल कुठं ठेवलीत. शेवटच्या रकान्यात, आज विकलं तर साधारण काय येईल. हे तुझ्यासाठी नाही, घरच्यांसाठी आहे. संग्राहक माणूस दूर गेला किंवा आजारी पडला की घरातले डबे रद्दीवाल्याला किलोवर देतात, त्यांना तरी काय माहीत. वहीचा एक फोटो बाबांकडे पाठवून ठेव. आणि त्या बीएमपीच्या डब्यातली चाकं मोजलीस का, ते आज रात्री कळव.